मधला मुक्काम

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज उष्ण देशांत जाणाऱ्या प्रवाशांची बैठक झाली. खुर्च्या कमी पडल्या, दोघांना खिडकीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. आमच्या प्रवास कचेरीत तिकिटं जिराफ काढतो आणि गिऱ्हाइकं मालकीणबाई सांभाळतात, पण जाण्याआधी लोकांना समोर बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचं काम पहिल्यापासून माझं. जिराफ म्हणजे आमचा तिकिटवाला. उंच आहे आणि दुसऱ्याच्या टेबलावर मान घालून बघतो, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता त्यालाही खरं नाव लागत नाही.

नेहमीचं सगळं सांगितलं. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. संध्याकाळी पायात मोजे, मग कितीही उकडो. आधी उन्हाचं मलम आणि ते मुरल्यावर डासांचं, उलटं करायचं नाही. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. बर्फ नको, आणि फळ आपल्याच हातांनी सोललेलं. दुपारच्या उन्हात फिरायला निघणाऱ्याला तिथली कुत्रीसुद्धा हसतात.

शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य: कुठे जाताय एवढंच पाहू नका, कुठून जाताय तेही पाहा. मधल्या देशात डासांमुळे पसरणारा यलो फिव्हर असेल आणि तिथे तुम्ही बारा तासांहून जास्त थांबलात, तर पुढचा देश लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतो. ते नसेल तर सहा दिवस अलग ठेवतात. एका निवृत्त साहेबांनी विचारलं की एवढ्याशा थांब्यानं काय होणार. मी म्हटलं, साहेब, डासाला तुमचं घड्याळ कळत नाही. सगळे हसले, साहेब लाल झाले. जरा जास्तच बोलले खरी, पण शहाण्याला शब्दांचा मार पुरतो.

बबडीला डिसेंबरच्या मध्याची तारीख दिली आहे. ताई तिच्या बाळंतपणाला परदेशी जाणार हे आज नक्की झालं. बबडी म्हणजे ताईची एकुलती एक, आणि आम्हाला मूलबाळ नसल्यामुळे अर्धी माझी. गेल्या वर्षी तिचं पोटातलं राहिलं नाही, तेव्हापासून पोरगी धास्तावलेली आहे. तिने आईकडे एकच मागितलंय: कळा सुरू झाल्या की तू माझ्या खोलीत हवीस. तिथल्या दवाखान्यात घरच्या एकाच माणसाला आत घेतात. जावईबापू म्हणाले मी बाहेर उभा राहतो.

ताई जन्मात विमानात बसलेली नाही. मी तिला सांगितलं, तू फक्त स्वतःला घेऊन जा, बाकी सगळं माझ्यावर सोड.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ताईचं तिकीट काढलं. घरीच, माझ्या खात्यावरून. जिराफ म्हणत होता, इथूनच काढतो, म्हणजे नेहमीच्या तपासणीतून जाईल. त्याला कशाला मध्ये घ्या? मान घालून म्हणाला असता, ही खिडकीची जागा का घेतली आणि ती का नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं तिकीट मला काढता येत नसेल तर एवढी वर्षं मी काय केलं?

बबडीने सुचवलेलं विमान मध्ये फक्त दोन तास थांबतं. म्हणजे ताईने सुजलेल्या पायांनी एका दारातून उतरून दुसऱ्या दाराकडे पळायचं. मी दुसरं शोधलं. मध्ये एक रात्र आणि वर अर्धा दिवस मुक्काम, विमान कंपनीच हॉटेल देते, गरम पाणी, गादी, सगळं. ताई ताजीतवानी पोचेल.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हॉटेलात एकटी कशी राहू, त्यापेक्षा ते पळापळीचंच बरं. मी हसले. हिला कडीकोयंड्याच्या पलीकडचं जग माहीत नाही. तिला समजावलं की हे मी रोज करते, तू विचार करू नकोस. ती म्हणाली, बरं बाई, तू म्हणशील तसं.

आमचे हे बाजूला ऐकत बसले होते. म्हणाले, तुझ्या बहिणीला जायचंय की तुला? ह्यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

ताईकडे जाऊन बॅग भरली. निम्मी बॅग मी भरली आणि माझी पाठ वळली की ती रिकामी करत होती. मी क्षारांची पाकिटं ठेवली की ती काढून तिथे बाळाची टोपडी. मी डासांचं मलम ठेवलं की ते काढून तिथे झबली, स्वतः शिवलेली, हाताएवढीशी. शेवटी तिचे स्वतःचे कपडे किती राहिले ते बघून मीच खजील झाले. ती म्हणाली, तिथे मला कोण बघायला येणार आहे?

दोनदा तिने विचारलं, लस वगैरे काही घ्यायची असते का गं? शेजारची म्हणत होती. मी म्हटलं, शेजारणीला जग कळतं की मला? आपल्या इथून त्या देशात जायला कसलीही लस लागत नाही, पक्कं माहीत आहे मला. मग नाही विचारलं तिने.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ताई गेली. विमानतळावर मी तिला एवढ्या सूचना केल्या की मागच्या रांगेतला एक गृहस्थ लिहून घ्यायला लागला. ह्यांनी हळूच कोपर मारलं. ताईने जाताना माझ्या गालाला हात लावला, म्हणाली, छोटी, तू होतीस म्हणून. पन्नाशी उलटली तरी ती मला छोटीच म्हणते.

परवा पोचेल. मधल्या हॉटेलातून फोन करायला सांगितलंय.

बुधवार, २७ नोव्हेंबर

हॉटेलातून फोन आला. खोली छान आहे, गादीत बुडायला होतं, खिडकीतून एक मोठं झाड दिसतं, त्याचं नाव माहीत नाही. नाव नसलं तरी बघ आणि झोप, म्हटलं. कशी लहान मुलासारखी बोलत होती. मला माझंच कौतुक वाटलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहा ओतत होते. म्हणाले, मावशी, विमान उतरून तीन तास झाले, आई बाहेर आल्याच नाहीत. मग दुसरा फोन: आईंना विमानतळाच्या आरोग्य कक्षात ठेवलंय, कुठलं तरी पिवळं कार्ड मागतायत, सहा दिवस सोडणार नाहीत म्हणतात, हे कसलं कार्ड, तुम्हाला काही माहीत आहे का?

मला काही माहीत आहे का.

चहा टेबलावर सांडला, तो पुसायचंही सुचलं नाही. पाचावर धारण बसली. ते वाक्य मी महिन्यातून एकदा पन्नास तोंडांसमोर म्हणते. चार तारखेला म्हटलं आणि सात तारखेला स्वतःच्या हाताने बहिणीची यलो फिव्हरच्या देशात रात्रभर झोपायची सोय केली. एकदासुद्धा मनात आलं नाही. प्रवासी म्हणून पाहिलं असतं तर आलं असतं. पण ती माझी ताई होती आणि मी तिची हुशार बहीण होते, एवढंच दिसत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

जावईबापूंना म्हटलं, बघते, विचारते. मोबाइल बंद करून टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. परत आले तेव्हा जिराफने टेबल पुसून ठेवलं होतं. त्याने विचारलं, ताई पोचल्या? मी म्हटलं, पोचल्या की.

खोटं नाही ते. पोचलीच आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

ताईशी बोलले. एक खोली आहे, दाराला काच आहे, बाहेरून स्टुलावर ताट ठेवतात, ते गेल्यावर हिने दार उघडून घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ एक डॉक्टरीणबाई ताप बघायला येते. वर पंखा आहे, पण हवा नुसती फिरते, गार होत नाही. बबडीचं घर तिथून टॅक्सीने अर्ध्या तासावर आहे.

मी ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. तिचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, ताई, नियम अचानक बदललाय गं, आत्ता आत्ताच, आम्हालाही कळवलं नाही.

ती म्हणाली, हो का. असेल. मग लगेच विचारायला लागली की तुझ्या गुडघ्याचं कसं आहे, थंडीत दुखतोय का.

तिला काही कळलेलं नाही, ही देवाची कृपा. तारीख अजून दोन आठवडे लांब आहे. बुधवारी ती सुटेल, बाळंतपणाला व्यवस्थित हजर राहील, आणि हे सगळं नंतर हसून सांगायची गोष्ट होईल. आपण उगाच स्वतःला किती छळायचं, असं आज दिवसभर स्वतःला समजावत होते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मुलगी झाली. दोन आठवडे आधी, आज दुपारी. दोघी सुखरूप आहेत.

कळा पहाटेच सुरू झाल्या. बबडीने आत कुणालाच येऊ दिलं नाही, जावईबापूंनाही नाही. ती खुर्ची आईची आहे म्हणाली. जावईबापूंनी फोन परिचारिकेकडे दिला, तिने तो उशाशी ठेवला, आणि ताई काचेच्या दारामागून चार-पाच तास त्या फोनवर बोलत राहिली. श्वास घे, सोड, मी आहे. मग फोनची बॅटरी संपली. नेमकं शेवटच्या अर्ध्या तासात पोरगी एकटी होती.

हे मला जावईबापूंनी आनंदात सांगितलं. त्यांना मुलगी झाल्याचा एवढा आनंद आहे की बाकीचं त्यांच्या लेखी त्यात वाहून गेलं. मी अभिनंदन केलं, वजन विचारलं, बाळाला तिथल्या हवेत दुपट्यात घट्ट गुंडाळू नका असं सांगितलं. सल्ला द्यायची माझी जीभ अजून जागेवर आहे.

हे ऑफिसातून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तिकीट, मुक्काम, ताईने दोनदा विचारलं ते. त्यांनी ऐकून घेतलं. काहीतरी बोलतील, टोमणा मारतील म्हणून वाट पाहत होते. त्यांनी जेवणाची ताटं घेतली आणि एवढंच म्हणाले की ताईला खरं सांग. मी म्हटलं, सांगते, ती घरी पोचू दे.

सोमवार, २ डिसेंबर

महिन्याची बैठक. मालकीणबाईंना सांगून टाळावी असं वाटलं होतं, पण कारण काय सांगणार?

कपडे, मलमं, पाणी, सगळं पाठ होतं, बोलत गेले. शेवटचं वाक्य आलं आणि दातखीळ बसली. कुठे जाताय एवढंच पाहू नका, एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच येईना. लोक वही-पेन घेऊन बघत होते. मागून जिराफने ते वाक्य पुरं केलं, बारा तासांसकट, अगदी माझ्या चालीत. लोकांना वाटलं असेल की आमचं ठरलेलंच असतं.

सगळे गेल्यावर तो खुर्च्या लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी ताईंचा फोन इथे आला होता. तुमचा मोबाइल बंद होता."

मी विचारलं, काय म्हणाली?

"त्यांनी विचारलं, हा नियम नवीन आहे का? तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, फार जुना आहे, तिकीट काढणाऱ्याला माहीत असायलाच हवा. मी म्हटलं, नाही हो, अलीकडचाच आहे." त्याने दोन खुर्च्या एकमेकींत घातल्या. "तर त्या हसल्या. म्हणाल्या, छोटीचं आणि तुमचं चांगलं जमत असेल."

म्हणजे गुरुवारीच तिला सगळं माहीत होतं. शुक्रवारी मी खोटं बोलले तेव्हा ती माझं खोटं हातात घेऊन बसली होती, आणि तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. ज्याला मी कधी माझ्या टेबलाकडे बघू दिलं नाही तो माझ्यासाठी खोटं बोलला. एकदा तरी जिराफने टिंगल करावी असं आज मनापासून वाटलं. त्याने खुर्च्या लावल्या आणि दिवे बंद केले.

मंगळवार, ३ डिसेंबर

बबडीचा फोन. बाळ झाल्यावर पहिलाच. आवाज थकलेला होता, पण आत राग होता, तो मला आधी कळला नाही.

म्हणाली, मावशी, तू एवढं सगळं नीट केलंस आणि आईने बघ काय केलं. मी म्हटलं, काय केलं? तर म्हणाली, आईनेच मला सांगितलं, तू तिला लस घ्यायला सांगितलं होतंस, तीच सुईला घाबरून गेली नाही आणि तुलाही घेतली म्हणून सांगितलं. "एका सुईला घाबरली ती, मावशी. मी इथे काय काय सोसलं आणि ती एका सुईला घाबरली. उद्या ती सुटेल, घरी येईल, पण मला तिच्याशी बोलावंसंच वाटत नाहीये."

सुईला घाबरणारी मी. लहानपणी शाळेत टोचायला यायचे तेव्हा मी बाकाखाली जायची, आणि ताई आपल्या वर्गातून येऊन माझा हात धरून उभी राहायची. स्वतःला टोचून घेताना तिने कधी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

बबडी आणखी पुष्कळ बोलली. आई नेहमी अशीच, घाबरट, तिला कशाचं गांभीर्य नाही. मी ऐकत होते. मध्ये ती थांबली तेव्हा मला बोलायला जागा होती, चांगली ऐसपैस जागा. मी म्हटलं, असू दे गं, आता बाळाकडे बघ.

असू दे गं! हे मी बोलले. ताईचा गुन्हा माफ करायला निघाले.

ह्या वहीत एवढ्यासाठी लिहितेय की कुठेतरी खरं लिहिलेलं असावं. आज लाज वाटली हे लिहिणंसुद्धा कमी आहे. आरशासमोरून जाताना मान खाली घालून गेले.

बुधवार, ४ डिसेंबर

ताई सुटली. दुपारी बबडीच्या घरी पोचली.

गुरुवार, ५ डिसेंबर

जावईबापूंना फोन केला, ताईला न कळवता. ते दबक्या आवाजात बोलत होते. बबडीने बाळ आईच्या मांडीवर दिलं, पण बोलत नाही. पाणी हवं असलं तरी जावईबापूंना सांगते. ताई सगळं करते, मालिश, धुणी, रात्रीची जागरणं, आणि बबडी खोलीत आली की उठून स्वयंपाकघरात जाते, तिला त्रास नको म्हणून. ते म्हणाले, आईंनी ती लस घेतली असती तर किती बरं झालं असतं.

माय मरो पण मावशी उरो, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याला माझी गोष्ट कुणीतरी ऐकवायला हवी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सांगितलं.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी, चपला घालून, उभ्यानेच. बसले असते तर पुन्हा हवापाण्याच्या गोष्टी केल्या असत्या. बबडीने फोन घेतला तेव्हा मागे बाळ रडत होतं.

"बबडे, आईने लस टाळली नाही. मी तिला सांगितलंच नव्हतं. तो मुक्काम मी घातला आणि नियम मी विसरले. तिने मला दोनदा विचारलं होतं, मी तिला गप्प केलं."

बाळ रडायचं थांबलं, कुणीतरी घेतलं असणार. मग तिने विचारलं, "मंगळवारी फोनवर मी आईला एवढं बोलत होते, तेव्हा तू ऐकत होतीस ना?"

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"हो."

फोन बंद झाला. मी आणखी काही सांगणार होते, चूक कशी झाली, किती वाईट वाटतंय, मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. बरं झालं तिने ऐकलं नाही. ते सगळं माझ्याच सोयीचं होतं.

दुपारी ताईचा फोन. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर मला धीर देईल. ताई चिडली होती. आमच्या सगळ्या आयुष्यात ती माझ्यावर अशी चिडलेली मला आठवत नाही.

म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी सगळं निस्तरलं होतं."

मी म्हटलं, ताई, ती तुझ्याशी बोलत नव्हती.

"बोलली असती. आज नाहीतर उद्या. आई आहे मी तिची, माझ्यावरचा राग ती किती दिवस धरणार आहे? बाळाने एकदा रात्रभर जागवलं असतं की मुकाट्याने माझ्याकडे आली असती. तुझ्यावरचा राग धरायला तिला काय अडचण आहे? तू लांब आहेस. आणि तिच्याशिवाय तुला कोण आहे, छोटी?"

शेवटी ती म्हणाली, ठेवते, धुणं वाळत घालायचंय, इथे अचानक पाऊस येतो.

मी चूक केली तेव्हा तिने मला सावरलं, आणि खरं बोलले तर तिची सगळी मांडणी मोडली. पण आज पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन. निदान असं वाटतंय. बबडी ताईशी बोलायला लागली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

जावईबापूंचा निरोप आला की दोघी मायलेकी काल संध्याकाळी गळ्यात पडून रडल्या, आता घरात सगळं ठीक आहे. तुमच्याबद्दल बबडी काही बोलली नाही, असंही त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं. भला माणूस आहे, मला उगाच आशेवर ठेवत नाही.

आज मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बैठक तूर्त जिराफकडे द्यायचं ठरवलं. मीच तसं म्हटलं होतं, तरी त्यांनी इतक्या चटकन हो म्हणायला नको होतं. इतकं होऊनही माझा तोरा काही जात नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

काही नाही. रोज फोनकडे बघते. बाळाचे फोटो ताई पाठवते, त्यात बबडीचा फक्त हात दिसतो, किंवा खांदा. हे म्हणतात, पहिल्या महिन्यात कुणाला फोटोत यायला वेळ असतो? ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, आणि मीही बरं वाटल्यासारखं करते.

रविवार, २२ डिसेंबर

दुपारी ताईचा फोन आला. तिच्या आता सगळं अंगवळणी पडलंय. उन्हाच्या आधी बाजार, दुपारी सगळे आडवे, संध्याकाळी मोजे. मोजे मात्र तू सांगितलेस तेच घालते, म्हणाली. मग तिने जरा चाचरत विचारलं, छोटी, बाळाच्या मानेवर घामोळं आलंय, लाल झालंय. बबडी म्हणते, मावशीला विचार, काय लावायचं.

बबडी म्हणते.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मोठ्यांना मी काय काय सांगते, पावडर, गार पाण्याच्या घड्या, अमुक मलम, झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि ते सांगायची केवढी इच्छा झाली. तिने विचारलंय, तर काहीतरी चांगलं, नेमकं, हुशारीचं तिच्या हातावर ठेवावं. पण महिन्याच्याही आतलं बाळ आहे. एवढ्याशा कातडीला काय चालतं ते मला खरंच माहीत नाही.

म्हटलं, ताई, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा.

ताईने फोनवर हात दाबून कुणाला तरी काही सांगितलं. मग आवाज आला तो ताईचा नव्हता.

"मावशी, तुला माहीत नाही?"

मी भिंतीला टेकले. "नाही गं, बबडे. मला माहीत नाही."

बाळाचा श्वास ऐकू येत होता, खांद्यावरच असणार. मला खूप काही बोलायचं होतं, त्यातलं काही बोलले नाही. शेवटी ती म्हणाली, बरं, उद्या डॉक्टरांकडे घेऊन जाते.

आणि फोन तिने आईकडे दिला नाही, कानालाच ठेवला.